आडवे पडल्याशिवाय औषध नाही

धनत्रयोदशीला आमच्याकडे धन्वंतरीला धने-गुळाचा नैवेद्य असतो. गेल्या वर्षी प्रसाद देताना आमच्या भांडीवाल्या मावशी म्हणाल्या, "गूळ नको गुरुजी, नुसते धनेच द्या. साखर आहे ना मला!" मला हसू आले, पण त्यांच्या पायाकडे लक्ष गेले आणि ते जागीच विरले.

पैसे पुरेनात म्हणून मावशी मधुमेहाच्या गोळ्या दिवसाआड घेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले, हे खरे. पण मावशी दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा 'गोळ्या संपल्या' हे ऐकून परतल्या. दोन दिवसांची कमाई बुडाली ती वेगळीच. पुढे पायाची जखम चिघळली. मग मात्र सरकारी योजनेचे कार्ड धावून आले! शस्त्रक्रिया झाली, पायाची दोन बोटे गेली, बिल शून्य. मावशी सरकारला दुवा देतात. माझ्या तोंडून तो निघत नाही.

वाचकहो, गैरसमज नसावा. राज्याची ही योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालू लागली, आणि २०२४ पासून सर्वांना खुली होऊन दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. तिने कितीकांची जमीन सावकारापासून वाचवली. पण माणूस रुग्णालयात आडवा पडेपर्यंत हे कार्ड जागे होत नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना घरी परतल्यावर पंधरा दिवसांपर्यंत औषधे देते. सोळाव्या दिवशी मधुमेह रजेवर जातो काय?

विद्वान म्हणतील, विमा हा मोठ्या संकटासाठीच असायचा. कंपनीच्या धंद्याचा तो नियम असेल. सरकारने काही दुकान थाटलेले नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर. अर्थशास्त्र मला येत नाही, वजाबाकी येते. महिन्याच्या गोळ्यांचे पैसे वाचवून शस्त्रक्रियेचे बिल भरणे, ही कुठल्या शाळेतली काटकसर? पाच लाखांच्या आकड्याचा फलक चौकात शोभतो. गोळ्यांच्या पाकिटाचा कोण लावणार!

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच बजावले होते. थायलंडने २००१ साली तीस बाहतची योजना काढली. तीत रुग्णालयात न राहणाऱ्या रुग्णालाही औषध मिळते, आणि त्यासाठी जवळच्या रुग्णालयाला माणशी ठराविक रक्कम आधीच पोचते. आपल्याकडेही कार्डाचा आकडा आणखी फुगवण्याआधी गावच्या दवाखान्याला अशीच माणशी रक्कम द्या. मधुमेह, रक्तदाब यांच्या महिनाभराच्या गोळ्या एकदम हातात ठेवा. त्या संपल्या तर जाब कोणाला विचारायचा, त्याचे नाव भिंतीवर लिहा.

मावशींनी कार्ड देव्हाऱ्यात ठेवले आहे. परवा मुद्दाम विचारले. गोळ्या अजून दिवसाआडच चालल्या आहेत.