पॅक पुण्याचा, सेल चीनचा: ईव्ही घेताना मालवणकराने काय बघावं?

मी मालवणात राहतो. इथे होमस्टे आणि टुरिस्ट गाडीचा धंदा करणारी पोरं सध्या एकच प्रश्न विचारतात: "ईव्ही घेऊ, पण छोटी बॅटरी की मोठी?" फरक लाखाच्या वर जातो आणि हप्ते वर्षानुवर्षं चालतात. म्हणून नीट समजून घेऊया.

आधी आकडा. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये ३०.२ युनिटच्या पॅकसह आली. २०२४ मध्ये ४५ चा पर्याय आला. ४५ युनिट म्हणजे ५००० एमएएचच्या सुमारे २३०० फोनइतकी वीज!

आता सेल आणि पॅक यातला फरक. सेल म्हणजे वीज साठवणारा मूळ तुकडा. असे अनेक सेल जोडून, कूलिंग आणि कंट्रोल सिस्टिम बसवून पॅक बनतो. पॅक आपल्याकडे जोडले जातात, सेल मात्र बहुतेक बाहेरून येतात. टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशनशी भागीदारी केली. चाकणला बनणाऱ्या महिंद्रा बीई ६ च्या ५९ आणि ७९ युनिटच्या पॅकमध्ये बीवायडीचे ब्लेड सेल आहेत. एक्सयूव्ही ४०० ने मात्र एलजीचे एनएमसी सेल घेतले.

एनएमसीत निकेल, कोबाल्ट असतं; कमी वजनात जास्त वीज मावते. एलएफपी जड, पण स्वस्त, उष्णतेत जास्त स्थिर आणि जास्त चार्जिंग सायकल झेलणारी. रोज धावणाऱ्या टुरिस्ट गाडीला मला एलएफपीच बरी वाटते.

अडचण अशी की एलएफपीवर पकड चीनची आहे. जुलै २०२५ मध्ये चीनने तिच्या कॅथोड तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर निर्बंध आणले. टाटांची अगरतास कंपनी साणंदला २० गिगावॅट-तासांचा सेल कारखाना उभारते आहे, पण कच्चा माल आणि तंत्रज्ञान एका रात्रीत येत नाही. उद्या पॅक बदलायची वेळ आली तर किंमत याच साखळीवर ठरणार.

मग छोटी की मोठी? घाट, एसी आणि चार पॅसेंजर धरून एका युनिटला ६ किमी पकडा, २० टक्के चार्ज राखून ठेवा. ३० चा पॅक १४४ किमी जाईल, ४५ चा २१६. मालवण-कुडाळ फेऱ्यांना छोटा पॅक भरपूर झाला. कोल्हापूर मात्र सुमारे दीडशे किमी, वर फोंडा घाटाची चढण. छोटा पॅक वाटेत चार्ज करावाच लागेल. मोठा पोचेल, पण परतीला त्यालाही चार्जर हवाच.

म्हणून शोरूममध्ये रेंजच्या आधी तीन गोष्टी विचारा: सेल कुठल्या केमिस्ट्रीचे? कोणी बनवले? आणि बॅटरीची वॉरंटी टुरिस्ट परमिटच्या गाडीला लागू आहे का? तिसरं उत्तर लेखी घ्या. अनेकदा "लाइफटाइम" वॉरंटी फक्त खासगी वापराच्या पहिल्या मालकासाठी असते.