जीप उंच झाली, पण स्टेअरिंगचे काय?

जुन्या जीपगाड्यांची उंची वाढवून देण्याच्या धंद्याला सध्या बरे दिवस आले आहेत. विलीज घडणीची जुनी सीजे, एमएम ५४०, लष्कराच्या लिलावातून सुटलेली एखादी गाडी तरुण मंडळी हौसेने विकत घेतात आणि गॅरेजात आणून म्हणतात, "उस्ताद, चार इंच वर उचला, मोठे टायर बसवा." या कामात ग्रीसने हात माखणारे कितीतरी कारागीर आपल्या बिरादरीतले आहेत. म्हणूनच या विषयावर दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हाला जरूरीचे वाटते. कापडाच्या व्यापाऱ्याने जीपवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की ताग्याची वरची घडी दाखवून आतला डागी माल खपवणे काय असते, ते आम्ही आमच्या बाजारात पुष्कळ पाहिले आहे. उंच जीपच्या धंद्यातही आज हेच चालू आहे.

जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. या जीपची जुळणी ज्या कंपनीने मुंबईत सुरू केली, ती १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने उभी राहिली होती. त्यातले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. नाव गेले, पण जीपखाली आडवा पडून काम करणारा आपला माणूस राहिला.

आता मूळ मुद्दा. जीप उंच करायच्या दोन सोप्या वाटा आहेत. एक म्हणजे लांब शॅकल लावणे आणि दुसरी म्हणजे ॲक्सलच्या खाली असलेले कमान पाटे वर घेणे. दोन्हींत चासी वर जाते, चासीला बोल्ट केलेला स्टेअरिंग बॉक्सही वर जातो, पण ॲक्सल आपल्या जागी राहतो. बॉक्सकडून निघणारा ड्रॅग लिंक जो जवळपास आडवा होता, तो तिरका होतो. मग रस्त्यात खड्डा आला, पाटा दबला, की ड्रायव्हरने हात न हलवताही लिंक चाकाला ओढतो. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला धावते. लांब शॅकल लावले तर आणखी एक गोष्ट बिघडते. या जीपचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ते टोक खाली गेले की ॲक्सल पुढे झुकतो आणि किंगपिनचा मागे असलेला कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, कमी होतो. विलीजच्या मूळ मापात हा कल सुमारे ३ अंश आहे. तो गेला की वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते.

गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते. तेव्हा काय होते? एक स्टेअरिंग डँपर लावून दिला जातो आणि वेगळे पैसे घेतले जातात. आमचे ठाम मत आहे की ही लबाडी आहे. डँपर थरथर दाबतो, कारण दूर करत नाही. झिजलेल्या सांध्यांवर डँपर म्हणजे फाटक्या अस्तरावर नवी इस्त्री. पुढची चाके एका वेगाला पोहोचून थडथड नाचू लागली आणि स्टेअरिंग हातात राहीना, तर त्यामागे ढिला टाय रॉड एंड, सैल किंगपिन बेअरिंग, झिजलेली बेलक्रँकची पिन, बॅलन्स नसलेले जड टायर किंवा हरवलेला कॅस्टर असतो. बहुतेक वेळा यातल्या दोन-तीन गोष्टी एकदमच असतात.

शोधण्याला मशीन लागत नाही. गाडी चाकांवर उभी असू द्यावी, उचलू नये. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पडून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. कुठे आधी हालचाल होते आणि पुढचा भाग उशिरा हलतो, ते बोटाला कळते. बॉक्स ज्या जागी चासीला बसतो तिथे तडा आहे का, हेही तेव्हाच दिसते. जुन्या गाडीत हा तडा फार वेळा निघतो. मग चाके वर घेऊन बेअरिंग आणि किंगपिन पाहावे. हे सगळे घट्ट झाल्याशिवाय अलाइनमेंटचे पैसे घेऊ नयेत. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. सांधे घट्ट असले तर टायरवर खडूची खूण करून टेपनेही टो-इन मापता येते. पुढचे अंतर मागच्यापेक्षा एक ते अडीच मिलिमीटर कमी असले की पुरे.

कॅस्टर परत आणण्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळते, पण ती चिरडते. पाचर जास्त जाड घातली तर पिनियन खाली झुकते आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यावर ताण येतो, म्हणून यात लालच नको. पाटे वर घेणाऱ्यांना तर ॲक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्याच लागतात. कल त्याच वेळी मोजून बसवला तर एक पैसा जास्त लागत नाही. तरीही अंदाजाने वेल्ड मारणारे आहेत.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे ड्रॉप आर्म भट्टीत लाल करून वाकवणे, किंवा कापून मध्ये तुकडा जोडणे. हा फोर्ज केलेला भाग आहे. तो तुटला तर ड्रायव्हरच्या हातात नुसते चक्र उरते. कसारा घाटात किंवा माळशेजच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. योग्य मापाचा तयार आर्म मिळत नसेल तर काम परत करावे. रोजी देणारा अल्लाह आहे, ते गिऱ्हाईक नव्हे.

कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या कंपनीच्या मूळ मापाविरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. म्हणून रोज रस्त्यावर, बायकामुलांना घेऊन फिरणारी जीप उंच करूच नये, असे आम्ही म्हणतो. जुन्या विलीजच्या दोन चाकांमधले अंतर जेमतेम ४८-४९ इंच. ती आणखी उंच केली तर वळणावर कलंडायला वेळ लागत नाही. शेतात, खासगी जमिनीवर चालवायची असेल तर गोष्ट निराळी, पण तिथेही स्टेअरिंग धड हवेच.

काही गॅरेजवाले म्हणतात, "गिऱ्हाईकच स्टेअरिंगचे पैसे द्यायला तयार नसते, आम्ही काय करावे?" अडचण खरी आहे. स्पर्धा आहे, शेजारचा कमी भाव सांगतो. पण धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचा (स.) किस्सा आपण लहानपणी मदरशात ऐकला आहे. वर कोरडे आणि आत ओले, हा सौदा तिथेच नाकारला गेला. मग उंची आणि स्टेअरिंग यांचे दोन भाव सांगायचेच कशाला? एकच भाव सांगावा, लेखी बिल द्यावे आणि त्यात कोणते सांधे बदलले, कॅस्टर किती ठेवला, टो-इन किती, हे लिहावे. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा कसून देण्यासाठी गाडी परत बोलवावी आणि त्या कामाची मजुरी घेऊ नये.