व्रतालाही पारणे असते

पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीचा नवरात्रोत्सव आटोपला, दसरा-दिवाळी सरली, की ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. गर्भगिरीच्या कुशीतील, सदैव पावसाची वाट पाहणाऱ्या या भागातील कित्येक कुटुंबे महिनोन्‌महिने फडावर असतात. येथील प्राथमिक शिक्षकाचे काम त्यामुळे शाळेच्या चार भिंतींत कधीच मावले नाही. पालकांची समजूत घालून मुलाला आजी-आजोबांपाशी ठेवून घेणे, हंगामी वसतिगृहात त्याची सोय लावणे, परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढणे हे सारे तो करीत आला. श्रम होतेच, परंतु सायंकाळी शाळेला कुलूप लावून तो घरी जात असे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ते कुलूपच नाहीसे झाले.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे राज्याने ठरविले. ते आवश्यकच होते. परंतु पाथर्डीसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ काय होता? घरात मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील उसाच्या फडात. ते अंधार पडल्यावर खोपीवर परतणार, मग फोन मुलाच्या हाती लागणार. स्वाध्याय येणार तो रात्री आठ-नऊला, शंका विचारली जाणार तीही तेव्हाच. नेमक्या त्याच वेळी शिक्षिकेच्या घरी स्वयंपाक अर्धा झालेला, सासूबाईंच्या औषधाची वेळ टळलेली आणि तिची स्वतःची मुले त्याच मोबाईलसाठी ताटकळलेली. दिवस मोकळा होता असेही नाही. रेशन दुकान, तपासणी नाके, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चे सर्वेक्षण अशा कामांवर राज्यभर शिक्षक नेमले गेले. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ आपत्तीनिवारणाच्या कामाला मुभा देते. संकटकाळी ते उचितही होते.

जुलै २०२० मध्ये केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे ठरविली. मुलांच्या डोळ्यांची ही काळजी स्तुत्य होती. शिक्षकाच्या डोळ्यांसाठी असे घड्याळ कोणी लावले?

ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा भरले. पडद्यावरची शाळा संपली, व्हॉट्सअ‍ॅपचा गट मात्र उरला. ‘उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी’ हा आदेश रात्री दहाला येतो, कारण तो पाठविणाऱ्यालाही वरून तेव्हाच आलेला असतो. महासाथीने दिलेली ही सवय महासाथीबरोबर गेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या शैक्षणिक व अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण केले, हे चांगलेच झाले. कामाच्या वेळेचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

याविषयी कोणी बोलू लागले, की ‘शिक्षकी हे व्रत आहे’ असे ऐकविले जाते. ५ सप्टेंबरच्या भाषणांत तर हटकून. पण व्रताला नियम असतात, उपवासालाही पारणे असते. ज्यांना ते पाळायचे नसते, त्यांनाच अमर्याद व्रताचे कौतुक अधिक असते. ज्या शिक्षिकेला स्वतःच्या मुलाशेजारी शांतपणे बसता येत नाही, तिने दुसऱ्यांच्या मुलांवर संस्कार करावेत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्याच धर्तीचे खासगी विधेयक मांडले होते. परंतु तो नियम पाथर्डीत जसाच्या तसा आणला, तर पहिला तोटा फडावरच्या मुलाचा होईल. त्याचा फोन सायंकाळनंतरच येणार! म्हणून मुलाचा फोन आणि कचेरीचा फोन यांत भेद करावा लागेल. कचेरीचा तक्ता कचेरीच्या वेळेतच मागितला जावा. मुलासाठी दिलेली सायंकाळ मात्र कामाचा तास म्हणून मोजली जावी आणि तेवढा वेळ शिक्षकाला दिवसा परत मिळावा.

गाड्या निघण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने पालकांसमवेत बसून आठवड्यातील दोन सायंकाळी, सात ते आठ, अशी वेळ ठरविली तरी पुष्कळ होईल. रविवारी कोणीच फोन करू नये, केंद्रप्रमुखांनीही नाही.