आबांचा आजार आणि विहिरीकडचा एकर



घरच्या बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी, हे या अंकात लिहिणार होतो. ते आता पुढच्या खेपेला. मागच्या आठवड्यात एका गावी बैठक आटोपली, चहा झाला, माणसे पांगली, तरी एक तरुण शेतकरी ओट्यावर बसूनच राहिला. हुमणीबद्दल विचारायचे असेल असे मला वाटले. तो म्हणाला, "साहेब, विहिरीकडचा एकर काढावा म्हणतो. गिऱ्हाईक आलंय. तुमचं काय मत?"

बोलता बोलता खरे कारण निघाले. वडिलांच्या गालात आतून जखम. तंबाखू चाळीस वर्षांची. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात "चौथी पायरी आहे" असे सांगून सलाइनमधून द्यायच्या औषधाचा खर्च कागदावर लिहून दिला. थोरले चुलते म्हणतात, चौथी म्हणजे संपले, घरी आणा. बहीण म्हणते, जमीन विका पण आबांना वाचवा. आणि याला विचारायचे होते ते निराळेच. खाली मान घालून म्हणाला, "दुसऱ्या डॉक्टरकडं दाखवलं तर पहिलं डॉक्टर रागावतील का ओ?"

वाचकहो, कपाशी सुकायला लागली की आपण काय करतो? दुकानदार म्हणतो ही बाटली मारा. आपण शेजाऱ्याला दाखवतो, मला फोन करता, कोणी उपटलेले झाड पिशवीत घालून कृषि विद्यापीठापर्यंत जातो. कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पिकासाठी चार ठिकाणी विचारणारे आपण बापासाठी एका ठिकाणी विचारून गप्प बसतो. रागावण्याचे म्हणाल, तर चांगला डॉक्टर रागावत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची जी सनद तयार केली तिच्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. डॉक्टरांच्या वर्तणुकीच्या २००२ सालच्या नियमांत असेही आहे की, रुग्णाने किंवा त्याच्या वतीने आलेल्या माणसाने कागद मागितले तर ते ७२ तासांच्या आत द्यावेत. तेव्हा चोरून जाऊ नका. सरळ सांगा, "डॉक्टरसाहेब, निर्णय मोठा आहे, आणखी एका ठिकाणी विचारतो, कागद द्या."

मात्र कागद म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे. माती परीक्षणाचे तुम्हाला मी किती वेळा सांगितले आहे! नमुना उकिरड्याजवळचा घेतला की अहवालही उकिरड्याचाच येतो. इथेही तसेच. गाठीचा जो तुकडा काढला तो मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काचेच्या पट्टीवर घेतात, त्या स्लाइड. हे दोन्ही मागून घ्यावे. दुसरीकडचे डॉक्टर तेच काप पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि कधी कधी निदानच बदलते. बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. स्कॅनचा छापील अहवाल पुरेसा नाही, त्याची सीडीही हवी. आजवर दिलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि तारखा हव्यात. मधुमेह, रक्तदाब असेल तर त्या गोळ्याही सोबत न्याव्यात. आपण सातबारा जसा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, तसे हे सगळे एका पिशवीत तारीखवार लावावे.

आता त्या 'चौथी'बद्दल. हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. पण तोंडाच्या कर्करोगात चौथ्या पायरीतही अ, ब, क असे भाग आहेत. गाठ जबड्याच्या हाडात किंवा गालाच्या कातडीपर्यंत गेली, तरी ती पुष्कळदा 'चौथी अ' असते. तिथे रुग्णाची ताकद पाहून शस्त्रक्रिया आणि त्यामागून किरणोपचार करतात, आणि हेतू बरे करण्याचा असतो. फुप्फुसात वगैरे पसरली की ती 'क'. तिथे बरे करण्यापेक्षा आजार आवरण्यावर आणि त्रास कमी करण्यावर भर असतो. एकाच 'चौथी'त एवढे अंतर! हे न विचारता चुलत्यांसारखे घरी आणणे चूक, आणि बहिणीसारखे आधी जमीन विकणेही चूक.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे आणखी वेगळे. कधीही विडी न ओढलेल्या बायामाणसांनाही तो होतो. त्याच्या काही प्रकारांत गाठीची जनुकीय तपासणी करतात. विशिष्ट बदल सापडला तर सलाइनऐवजी रोजच्या गोळीवर आजार बराच काळ आटोक्यात राहू शकतो. ती तपासणी झाली आहे का, एवढा एक प्रश्नसुद्धा दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे सार्थक करतो.

महाग तेच गुणकारी असेही नाही. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी बरा होण्यापलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सलाइनमधून नेहमीचे औषध दिले, निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या. गोळ्यांवरचे रुग्ण थोडे अधिक जगले, मध्यमान सहा महिन्यांच्या जागी साडेसात, आणि त्रासही कमी झाला. गोळ्या अर्थात डॉक्टरांनीच द्यायच्या; नावे वाचून दुकानातून आणू नका.

जायचे कुठे? जिथे शस्त्रक्रियेचे, औषधांचे आणि किरणांचे असे तिन्ही डॉक्टर एकत्र बसून ठरवतात तिथे. टाटा मेमोरियल १९४१ सालापासून आहे, त्यांचे दुसरे केंद्र खारघरला आहे. पण सगळ्यांनी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. 'नव्या' नावाच्या सेवेतून टाटा मेमोरियलच्या व इतर तज्ज्ञांचे मत मोबाइलवरून कागद पाठवूनही मिळते. आधी हे करून मग प्रवास ठरवता येतो. मुंबईत उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे, पण जागा आधी विचारून ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात मोठी सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

एकच ठिकाण गाठा, दहा नव्हे. महिना-दोन महिने दारोदार फिरण्यात गाठ थांबत नाही. किरणोपचार चालू असतील तर ते आपल्या मनाने मध्येच तोडू नका. श्वास अडकतोय, रक्त थांबत नाही, पायातली ताकद एकदम गेली, अशा वेळी दुसरे मत नको, जवळचा दवाखाना गाठा.

माझ्या वडिलांना २००९ साली अन्ननलिकेचा कर्करोग झाला, यकृतापर्यंत पसरलेला. आम्हीही दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांचेच म्हणणे सांगितले, आजार बरा होणार नाही. मला त्या क्षणी वाटले, फुकट आलो. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, "तुमच्या वडिलांना काय हवंय?" आम्ही भावांनी एकमेकांकडे पाहिले. आम्ही तर त्यांना आजाराचे नावसुद्धा सांगितले नव्हते. त्यांना विचारले तेव्हा कळले की सारे त्यांना ठाऊक होते. "मला घास गिळता येईल एवढं करा," म्हणाले, "आणि माझ्या पायी कर्ज काढू नका." नलिकेत जाळीची नळी बसवली. दुखण्यासाठी मॉर्फिन दिले. त्याची सवय लागेल म्हणून आम्ही उगाच भ्यालो होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नीट घेता येते. चार महिने त्यांनी आंबील प्यायली, पडवीत बसून गुरांना हाका मारल्या. त्या दुसऱ्या सल्ल्याने आयुष्य वाढवले की नाही, मला सांगता येणार नाही.

असो. त्या मुलाला मी दोन प्रश्न लिहून दिले. हे उपचार बरे करण्यासाठी आहेत की आवरण्यासाठी? आणि न घेतले तर काय, घेतले तर काय? तिसरे, आबांना विचार, हे तोंडी सांगितले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि कर्करोगाचे पुष्कळ उपचार तिच्यात बसतात, हे त्याच्या घरात कोणाला माहीतच नव्हते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेट, मग इसाराचे बोल, असे सांगितले.

काल त्याचा फोन आला. बार्शीला दाखवले. काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, नवा स्कॅन झाला. फुप्फुसे स्वच्छ आहेत, गाठ जबड्याला लागली आहे. तिघा डॉक्टरांची बैठक सोमवारी आहे, शस्त्रक्रिया होईल की नाही ते त्यात ठरेल. आबांनी तंबाखूची डबी स्वतः होऊन सुनेच्या हाती दिली आहे. विहिरीकडच्या एकराचे विचारले, तर म्हणाला, गिऱ्हाइकाला सोमवारपर्यंत थांब म्हणून सांगितलंय, आणि थांबत नसेल तर जाऊ दे.