ज्याला मामा नाहीं, त्यानें काय करावें?

दहावीचा निकाल लागला कीं पुष्कळ घरांतून एक छोटी सभा भरते. आजोबा, काका, आत्या सर्व जमतात. विज्ञान घ्यावें कीं वाणिज्य, याचा खल होतो. आणि ज्याच्याकरितां हा सारा खटाटोप, तो मुलगा कोपऱ्यांत मुकाट्यानें बसलेला असतो. चार वर्षांपूर्वीं आमच्या घरीं अशीच सभा भरली व पुतण्यानें इंजिनिअर व्हावें असें ठरलें. इंजिनिअर दिवसभर करतो काय, हें त्याला ठाऊक नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर आम्हां वडीलमंडळींपैकीं बहुतेकांसही नव्हतें. सुदैवानें त्याच्या मामांचा लहानसा कारखाना आहे. सुटींत पंधरा दिवस तो तेथें जाऊन राहिला. लेथवरच्या कारागिराचा हात त्यानें जवळून पाहिला. आणि परत आला तो "मला हेंच शिकायचें आहे" असें म्हणत. निर्णय तोच राहिला, परंतु आतां तो त्याचा स्वतःचा झाला.

त्याच्याच वर्गांत दुसरा एक हुशार मुलगा होता. वडील रिक्षा चालवितात. त्याला असा मामा नव्हता. चार जण जिकडे गेले तिकडे तोही गेला, आणि दुसऱ्या वर्षीं शिक्षण सोडून घरीं बसला. बुद्धि कमी पडली नाहीं. कमी पडली ती ओळख.

आपल्या घरांतील मुलांना कोणी डॉक्टर, कोणी वकील असा आप्त असतोच. ज्यांना तो नाहीं त्यांचा मामा कोणीं व्हावयाचें? माझ्या मतें शाळेनें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं १० दिवस दप्तराविना घालवावे व सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा गावांतील जाणकारांच्या हाताखालीं शिकावें, अशी योजना सांगितली आहे. जर्मनींत शाळकरी मुलांनीं दोन-तीन आठवडे एखाद्या कारखान्यांत, दुकानांत वा कचेरींत जाऊन तेथील काम पाहण्याची चाल चांगलीच रुळलेली आहे. पण इतक्या दूर जावयास नको. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें विज्ञान आश्रम स्थापिला. तेथून शाळांत गेलेल्या अभ्यासक्रमांत मुलें आठवड्यांतून एक दिवस शेती, यंत्रकाम, ऊर्जा, गृह व आरोग्य या विषयांचें प्रत्यक्ष काम करितात, आणि त्या कामाचा उपयोग गावास होतो.

यांत धोका नाहीं असें नव्हे. उमेदवारीच्या नांवाखालीं मुलाला चहा आणावयास पिटाळणारे मालक निघतीलच. चौदा वर्षांखालील मुलांना कामास जुंपण्यास कायद्यानें मनाई आहे, व ती योग्यच आहे. म्हणून काम दाखविणें वेगळें आणि राबविणें वेगळें, हें शाळेनें मालकाशीं आधींच बोलून ठेवावें. मुलानें काय पाहावें, कोणाच्या नजरेखालीं राहावें, हें ठरलेलें असावें. शिक्षकानें मधून मधून जाऊन यावें. संध्याकाळीं मुलानें वहींत दिवसाचें टिपण लिहावें; कारण "हें काम मला आवडलें नाहीं" असें एका आठवड्यांत कळणें हा देखील मोठाच लाभ आहे. तेंच तीन वर्षांनीं कळलें तर किती महाग पडतें!

आतां आपल्यापुरतें. आपलीं मुलें सुताराकडे कां जावींत, असा प्रश्न एखाद्या घरांत निघेल. लेखणीवर पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना रंधा हातांत धरणें अजून थोडें कमीपणाचें वाटतें, हें कबूल केलेलें बरें. त्यावर उपाय एकच : मुलाला तेथें पाठवावें व परत आल्यावर तें काय सांगतें तें ऐकावें.

आणि उलट बाजूनें, ज्यांच्या घरीं दवाखाना, छापखाना, पेढी वा कारखाना आहे, त्यांनीं जवळच्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेंत जाऊन मुख्याध्यापकांना एवढेंच सांगावें : "येत्या सुटींत आमच्याकडे दोन मुलें पाठवा." भाच्यासाठीं आपण हें न सांगतां करितों. ज्याला मामा नाहीं त्याच्यासाठीं एकदां करून पाहावें.