दिव्याचं सोडा, गीझरकडे बघा

वीज वाचवायची म्हटली की आपला हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. मुलंही बोलणी खातात ती दिवा चालू ठेवला म्हणूनच. पण ९ वॅटचा एलईडी दिवा सलग तीन दिवस, तीन रात्री चालला तर जेवढी वीज घेतो, जवळपास तेवढी १५ लिटरच्या गीझरला थंडीत एकदा पाणी तापवायला लागते. साधारण पाऊण युनिट.

ही वीज बहुतेक कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या भट्ट्यांतून आलेली. देशाची सरासरी धरली तर युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चौघांच्या घरात, माणशी एक टाकी धरली, तर दिवसाला दोन किलो नुसत्या आंघोळीपायी!

तेव्हा गीझर पहाटेपासून लावून ठेवू नका. वीस मिनिटं आधी लावा आणि सगळ्यांनी पाठोपाठ उरका. टाकीत तापून पडलेलं पाणी निवत राहतं आणि गीझर पुन्हा पुन्हा वीज ओढतो. शॉवरपेक्षा बादली बरी. गच्ची आपली असेल तर सोलर बसवा, मग हा हिशोबच नको.

गॅसचंही तसंच. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की चाळीस किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो, म्हणून वजन वाढतं. छोले-राजमा रात्री भिजत घाला, कुकरची शिट्टी झाली की आच बारीक करा. आजी हेच सांगत होती, कारण वेगळं होतं इतकंच.

एका पंख्यावर आणि दोन दिव्यांवर भागवणाऱ्या घराला यातलं काही ऐकवू नये. हे सांगणं महिन्याला तीनशे युनिट ओलांडणाऱ्यांना आहे. एसी २४ वर ठेवा, एवढं त्यांना माहीत असतंच. पंख्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास, वर्षातले आठ महिने फिरला तर एका पंख्यामागे दीडशेवर युनिटं वाचतात. शंभर किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड टळतो. चांगले चालणारे पंखे आजच काढून टाका असं नाही. पण एखादा जळाला, तर रिवाइंडिंगला टाकण्याआधी नव्याची किंमत विचारून या. आणि बदलायचा झाला तर आधी हॉलमधला बदला, तोच सर्वांत जास्त फिरतो.