घामोळे बाळाला, ताप खोलीला

हवामान खात्याचा ‘यलो’ किंवा ‘ऑरेंज अलर्ट’ आला की वर्तमानपत्रांत सूचना छापून येतात. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, डोक्याला रुमाल बांधा, ताक-पन्हे प्या. सूचना योग्यच आहेत. पण पंधरा दिवसांचे बाळ तसेही उन्हात फिरत नाही, त्याच्या डोक्यावर रुमालाऐवजी टोपडे आधीच घट्ट बांधलेले असते आणि पन्हे त्याला चालत नाही. उष्णतेच्या लाटेची आपली सारी तयारी बाहेर पडणाऱ्या माणसासाठी आहे. जो खोलीतच असतो, ज्याला स्वतःचे दुपटे बाजूला सारता येत नाही, त्याचा विचार त्यात फारसा दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात या बाळांची रांग लागते. तक्रार एकच, अंगावर घामोळे. आणि बाळाच्या आजीचा प्रश्नही एकच, ‘डॉक्टर, कोणती पावडर लावू?’ मी बहुतेक वेळा उलट विचारतो, ‘घराला छत कशाचे आहे? बाळ कुठे झोपते? खिडकी उघडी असते का?’ आजींना हे विषयांतर वाटते. पण घामोळ्याचे औषध त्या उत्तरांत असते, पावडरीच्या डब्यात नसते.

घामोळे म्हणजे घामाच्या नळीचे तोंड बुजणे. घाम तयार होतो पण बाहेर पडू शकत नाही, त्वचेच्या आतच साठतो. नवजात बाळाच्या या नळ्या अजून पुरत्या तयार झालेल्या नसतात, त्यामुळे त्या लवकर बुजतात. नळी अगदी वरच्या थरात बुजली तर दवबिंदूंसारखे पारदर्शक, बारीक फोड दिसतात. ते लाल नसतात, खाजत नाहीत आणि बोट लागले तरी फुटतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत कपाळावर, मानेवर, छातीवर असे फोड दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. अडथळा थोडा खोल असेल तर लाल, टोकदार पुरळ येते, चुरचुरते, बाळ किरकिरे होते, झोप मोडते. आपण ज्याला घामोळे म्हणतो ते बहुधा हेच. मान, काखा, पाठ आणि लंगोटाची कड, म्हणजे जिथे कापड आणि कातडी एकमेकांना चिकटून राहतात, तिथे ते जास्त.

म्हणूनच घामोळ्याकडे मी त्वचेचा आजार म्हणून कमी आणि खोलीचे तापमान सांगणारी खूण म्हणून जास्त पाहतो. बाळ ज्या जागेत चोवीस तास आहे ती जागा त्याला सोसवत नाही, एवढे ते पुरळ सांगत असते. पुरळ स्वतः निरुपद्रवी असेल. त्याच खोलीत त्याच बाळाला ताप आणि शोष पडण्याचा धोका मात्र खरा असतो.

मग एवढे गुंडाळतात का? आज्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण हा धडा आम्ही आरोग्य खात्यानेच गिरवून घेतला आहे. नवजात बाळ थंड पडून दगावते हे सत्य आहे, आणि कमी वजनाच्या बाळात तर फारच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिच्यात बाळाला उबदार ठेवणे हा महत्त्वाचा भाग होता. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी. त्यांच्या तपासणीत बाळाला नीट गुंडाळून उबदार ठेवले आहे का, हा प्रश्न असतो. यातून असंख्य बाळे वाचली आहेत, त्या संदेशाला मी हात लावणार नाही. पण डिसेंबरातला संदेश मे महिन्यात जसाच्या तसा वाचला जातो, त्याला ऋतूच नाही, ही अडचण आहे. त्यात बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद, सकाळ-संध्याकाळ शेगडीचा शेक आणि ओवा-शेपाची धुरी. थंडीत मायेने केलेली ही गोष्ट मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या खोलीची भट्टी करते.

शिवाय आता रात्रीही पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. हवामान खात्याच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्यातही देशाचे सरासरी कमाल तापमान नेहमीपेक्षा ०.२० अंशाने जास्त होते, तर सरासरी किमान तापमान तब्बल ०.९० अंशाने. म्हणजे दिवसांपेक्षा रात्री जास्त तापल्या. दिवसभर घामेजलेली त्वचा पहाटेच्या गारव्यात सुकून मोकळी व्हायची, तो वेळच आता कमी मिळतो.

उष्णतेच्या लाटेची व्याख्याही बाळाच्या कामाची नाही. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर आणि किनारपट्टीवर ३७ अंशांवर गेल्याखेरीज लाटेचा विचारच सुरू होत नाही. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे ३४ अंशांतही हवेतल्या दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि बाळाची पाठ लाल होते. इशारा मात्र नसतो.

त्यामुळे उपायही गावागणिक बदलतो. विदर्भात हवा कोरडी, तिथे कूलर उत्तम चालतो. पण कूलर लावून दुसरी खिडकी बंद ठेवली तर तासाभरात खोली दमट होते. ‘कूलर असूनही घामोळे कसे?’ याचे उत्तर बहुतेकदा त्या बंद खिडकीत सापडते. समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवेच. (आणि पत्र्याच्या कूलरला पाळणा टेकवू नका. त्यात वीज उतरून होणारे अपघात नागपूरकरांना सांगायला नकोत.) कोकण-मुंबईत कूलर हवा आणखी दमट करतो; तिथे पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या उपयोगी. ‘बाळाला वारा लागतो’ ही भीती सोडा. झोत थेट तोंडावर नको, पण छताचा पंखा हळू फिरता ठेवायला हरकत नाही. बाहेरची हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तेव्हा नुसता पंखा गरम झळ मारतो; अशा दुपारी खिडकीला ओला वाळ्याचा पडदा किंवा ओली चादर जास्त काम करते. एसी असेल तर २६ अंशांच्या आसपास ठेवा आणि बाळाला एक पातळ दुपटे पांघरा.

छताची गोष्ट जरा वेगळी. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो, म्हणजे पत्र्याच्या घरात दुपार वाईट. स्लॅब उशिरा तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, म्हणजे वरच्या मजल्यावर रात्र वाईट. बाळाची जागा त्याप्रमाणे बदलावी. दुपारी शेजारच्या स्लॅबच्या घरात किंवा झाडाखालच्या ओट्यावर, रात्री पत्र्याच्या बाजूच्या मोकळ्या पडवीत मच्छरदाणीखाली. छताला चुना मारला तर फरक पडतो आणि त्याला फार खर्च नाही. पाळण्यावर चारी बाजूंनी साडी टाकून तो झाकू नका, आत हवा कोंडते.

बाळाला गरम होते आहे की थंडी वाजते, हे हातापायांना हात लावून कळत नाही. त्याचे तळवे एरवीही गारच असतात. मानेच्या मागे किंवा पोटावर हात ठेवून पाहा. मान ओलसर असेल तर कपडे जास्त झाले. पूर्ण वजनाच्या, निरोगी बाळाला उन्हाळ्यात एक सुती, सैल, बिनबाह्यांचे झबले आणि कापडी लंगोट पुरेसे आहे. टोपडे, मोजे, नायलॉनचे फ्रॉक, बारशाला आलेले टेरिकॉटचे सूट कपाटात राहू द्या. वेळेआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा हिशेब वेगळा आहे. त्याचे कपडे तुमच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारूनच कमी करा.

घामोळे आलेच तर दिवसातून दोनदा साध्या, जेमतेम कोमट पाण्याने अंघोळ. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी पोळते, आधी कोपर बुडवून पाहा. बेसन किंवा उटणे चोळू नका. अंग पुसताना घासू नका, मऊ कापडाने टिपा आणि थोडा वेळ बाळाला उघडेच राहू द्या. मालीश चार दिवस थांबवा. तेल, तूप, पेट्रोलियम जेली यांनी बुजलेली तोंडे आणखी बुजतात. फार चुरचुरत असेल तर कॅलामाइन लोशनचा पातळ हात चालतो, तोंड आणि डोळे सोडून. एवढ्याने दोन-तीन दिवसांत पुरळ ओसरू लागते.

पावडरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे, तान्ह्या बाळाला कोणतीच नको. घामात ती कालवली जाते आणि मानेच्या वळीत तिच्या गोळ्या बसतात. फवारताना ती नाकातोंडातून फुप्फुसात जाते, हा त्याहून मोठा धोका. मोठ्यांसाठी मिळणाऱ्या थंड वाटणाऱ्या घामोळ्यांच्या पावडरींत मेन्थॉल किंवा कापूर असतो. कापूर पोटात गेल्यास किंवा जास्त शोषला गेल्यास तान्ह्यांना झटके येऊ शकतात आणि मेन्थॉलने त्यांचा श्वास अडखळू शकतो. मुलतानी माती वाळून तडकते. ती मातीच आहे, नाळ न पडलेल्या बाळाजवळ ती नकोच. कडुलिंबाच्या पाण्याने बरे वाटते, पण त्याचे बरेचसे श्रेय पाण्याला आहे.

पावडरीपेक्षा जास्त चिंता मला ट्यूबची वाटते. औषधाच्या दुकानात ‘पुरळ आलंय’ म्हटले, की स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची खिचडी असलेले मलम हातात पडते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून घरात त्याची ख्याती होते आणि शेजारणीलाही दिले जाते. तान्ह्याची त्वचा पातळ, त्यात लंगोटाखाली झाकलेली. औषध रक्तात सहज शिरते. महिनोन्महिने ते चोळल्यावर चेहरा सुजलेली, वाढ खुंटलेली बाळे बालरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. अशी बहुतेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे, काउंटरवर तो अभावानेच दिसतो.

सगळेच पुरळ घामोळे नसते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत येणारे, मध्ये पिवळसर ठिपका असलेले लाल चट्टे आपोआप जातात. लंगोटाच्या घडीत चकचकीत लाल, कडेला बारीक दाणे असलेले पुरळ बुरशीचे असते. तळहात-तळपायांवर दाणे आणि घरात सगळ्यांनाच रात्री खाज असेल तर ती खरूज. मग औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावावे लागते. आणि दाण्यांत पू दिसू लागला तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर पुवाच्या दहा किंवा अधिक पुळ्या, किंवा एकच मोठे गळू, हे गंभीर जंतुसंसर्गाचे लक्षण समजून आम्ही त्याला दाखल करतो.

तापाचेही तसेच. काखेत थर्मामीटर लावून ३७.५ अंश किंवा जास्त आले तर आधी कपडे सैल करा, गार जागी न्या, छातीशी घ्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल किंवा पहिल्या आठवड्यानंतर दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दरम्यान पाणी, ग्लुकोज, ग्राइप वॉटर काहीही नको. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही तेच पुरते, फक्त पाजण्याच्या वेळा वाढवाव्या लागतात. पाणी प्यायचे ते आईने. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची काही घरांतली रीत मे महिन्यात तरी बंद व्हावी.

राहिला प्रश्न यंत्रणेचा. अहमदाबादमध्ये मे २०१०च्या लाटेत महापालिकेच्या एका रुग्णालयात उष्णतेने आजारी पडलेली नवजात बाळे एकामागून एक अतिदक्षता कक्षात येऊ लागली. तिथला प्रसूती कक्ष होता सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली. नंतरच्या अभ्यासात दिसले, की ४२ अंशांच्या वर दर अंशामागे अशा बाळांची दाखल होण्याची संख्या सुमारे ४३ टक्क्यांनी वाढत होती. रुग्णालयाने कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि ही संख्या घटली. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते, मजला बदलला. २०१३ मध्ये त्याच शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला.

आपल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाळंतिणींचा कक्ष कोणत्या मजल्यावर आहे, याची यादी करायला एक दिवस पुरेल. आशाताईंच्या पिशवीत थर्मामीटर आहे आणि सहा भेटी ठरलेल्या आहेत. मार्च ते जून या काळात त्या तपासणीत ‘बाळ उबदार आहे का’च्या खाली ‘बाळाला उकडते आहे का’ ही एक ओळ वाढवायची आहे. तेवढ्यासाठी पुढचा उन्हाळा उजाडायची गरज नाही.